फोकसिंग रेल घ्यायची? आधी एका फेऱ्याचे मिलिमीटर मोजा

फोकसिंग रेल, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा बारीक टप्प्यांनी पुढेमागे सरकवायचं साधन. ती कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: फोटो कशाचा काढणार, आणि सेन्सरवर तो किती मोठा हवा? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालीच म्हणून समजा. कंपनी आणि किंमत त्यानंतर. मी राहते देवगडजवळ, घरची हापूसची कलमं आहेत. त्यामुळे माझे विषय ठरलेले: मोहोरावरचे तुडतुडे, आंब्याची पानं जोडून घरटी करणारे हुमले, आणि पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उगवणारी इवली फुलं. पुढचं सगळं या विषयांच्या आणि इथल्या हवेच्या हिशेबाने लिहिलेलं आहे.

ज्यांना रेलची गरजच नाही त्यांचं आधी सांगते, म्हणजे त्यांचे पैसे वाचतील. तुमच्याकडे ऑटोफोकस मॅक्रो लेन्स आहे, कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस आपोआप थोडा थोडा सरकवत एकामागून एक फोटो घ्यायची सोय आहे (निकॉन डी850 मध्ये त्याला फोकस शिफ्ट म्हणतात, कॅननच्या ईओएस आरपीतही ते आहे) आणि तुम्ही 1:1 च्या पुढे जात नाही, तर रेल घेऊ नका. 1:1 म्हणजे 10 मिमीचा किडा सेन्सरवर 10 मिमीच पडणं. इथपर्यंत लेन्सची मोटर बारीक टप्पे हातापेक्षा छान घेते. हातात कॅमेरा धरून चालत्या कोळ्यामागे जाणाऱ्यांनाही रेल नको. रेल लागते ती 1:1 च्या पुढे: उलटी लावलेली लेन्स, एक्स्टेन्शन ट्यूब, मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह, किंवा कॅननची एमपी-ई 65 मिमी. या एमपी-ईला ऑटोफोकस नाही. रिंग फिरवली की 1 ते 5 पट मोठेपणा बदलतो, आणि फोकस साधायला अख्खा कॅमेराच पुढेमागे न्यावा लागतो. तिथे रेल नसेल तर ट्रायपॉडचे पाय सरकवत बसावं लागतं.

आता आकडे. फोटोत एका वेळी जेवढी जाडी स्पष्ट दिसते तिचा ढोबळ हिशेब असा: दोन गुणिले छिद्राचा एफ आकडा, गुणिले 0.02 मिमी (लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरसाठी चालणारी धूसरता), गुणिले (मोठेपणा अधिक एक), आणि या सगळ्याला मोठेपणाच्या वर्गाने भागायचं. 1:1 ला एफ8 वर उत्तर येतं 0.64 मिमी. 2:1 ला एफ5.6 वर साधारण 0.17 मिमी. 5:1 ला एफ2.8 वर 0.027 मिमी, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ काप. हीच तीन छिद्रं घेतली त्याला कारण आहे. मोठेपणा वाढला की प्रत्यक्षातलं छिद्र लहान होत जातं: एफ आकड्याला मोठेपणा अधिक एकने गुणायचं. तिन्ही ठिकाणी उत्तर एफ16-17 च्या आसपास येतं. त्याहून छिद्र लहान केलं तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून ‘एफ22 लावू आणि एकाच फोटोत भागवू’ हा मार्ग इथे बंद आहे. कापामागून काप घ्यायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. यालाच स्टॅक करणं म्हणतात.

दोन कापांत तीसेक टक्के तरी ओव्हरलॅप हवा. म्हणजे टप्पा 1:1 ला 0.4 मिमी, 2:1 ला 0.12, आणि 5:1 ला 0.02. फोटोची मोठी प्रिंट काढायची असेल तर टप्पा याच्याही निम्म्यावर आणा. तुडतुड्याचंच उदाहरण घ्या. तो 4 मिमीचा धरला तर 5:1 ला सेन्सरवर 20 मिमी होतो, म्हणजे एपीएस-सीच्या रुंदीत जेमतेम बसतो. बाजूने पाहताना अंगाची खोली दीड मिमी धरली तरी 0.02 च्या टप्प्याने 75 फोटो. उलट सीतेच्या आसवांचं निळं फूल 1:1 ला घ्यायचं, खोली 8 मिमी, तर 20 फोटोंत काम होतं. या दोन कामांना एकच रेल पुरेल, पण दुसऱ्या कामाला चालणारी प्रत्येक रेल पहिल्याला चालणार नाही.

म्हणून रेल हातात आली की मी पहिल्यांदा नॉब मोजते. नॉबच्या कडेवर व्हाइटनरचा ठिपका द्यायचा, समोर स्थिर भागावर दुसरा. स्टीलची पट्टी टेकवून दहा पूर्ण फेरे फिरवायचे आणि कॅमेरा बसतो तो पट्टा किती सरकला ते दहाने भागायचं. पडवीत हे चाललं होतं तेव्हा आमच्याकडे फवारणीला येणारे काका थांबून म्हणाले, “वैनीनू, ह्या काय मोजतास?” मी म्हटलं, “काका, एका फेऱ्यात ही किती पुढे जाते ते.” त्यांनी नॉब दोन बोटांत धरून मागेपुढे हलवला आणि लगेच म्हणाले, “हेका प्ले आसा.” प्ले म्हणजे सांध्यातली ढिलाई. स्प्रेपंपाचे नट-बोल्ट रोज हाताळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि तुम्हालाही ते बोटांनीच कळेल.

मोजल्यावर रेलचे दोन प्रकार उघड होतात. दातेरी पट्टीवर चक्र चालणाऱ्या रेलमध्ये एका फेऱ्यात पट्टा 15-20 मिमी सहज जातो. तिच्यावर 0.4 मिमीचा टप्पा म्हणजे फेऱ्याचा चाळिसावा-पन्नासावा भाग. फ्रेम जुळवायला ती चांगली, 1:1 ला कशीबशी चालते, पुढे नाही. दुसरा प्रकार लांब स्क्रूचा. एका फेऱ्यात 1 मिमी जात असेल तर 0.12 मिमी म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग, आणि तो हाताला आरामात साधतो. 0.02 मिमी म्हणजे पन्नासावा भाग, 7 अंशांच्या आसपास. नॉबचा व्यास 40 मिमी असेल तर कडेवर अडीच मिमी. हाताने होतं, पण 75 वेळा सारखंच होईल याची खात्री कुणी देऊ नये. माझं मत स्पष्ट आहे: 3:1 पर्यंत हाताची स्क्रू रेल, त्यापुढे मोटरची. नॉब मोठा घ्या, आणि त्यावर रेघा कोरलेल्या असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

स्क्रूवाल्या रेलमध्ये एक अडचण असते: पट्टा शंभर मिमी मागे न्यायचा तर शंभर फेरे. म्हणून नॉब सोडवून पट्टा एकदम सरकवता येईल अशी सोय पाहा. मॅनफ्रोटोच्या 454 ला त्यासाठी बटण आहे.

विकत घेण्याआधी, किंवा ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत, तीन चाचण्या घ्या. कॅमेरा आणि तुमची सगळ्यात जड लेन्स चढवूनच घ्या. रिकामी रेल कुठलीही छानच चालते.

पहिली चाचणी प्लेची. नोटेवरची सूक्ष्म अक्षरं समोर ठेवा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, नॉब पुढे फिरवून फोकस साधा. मग उलटा फिरवा आणि चित्र हलायला लागेपर्यंत नॉब किती रिकामा फिरतो ते पाहा. थोडा प्ले प्रत्येक स्क्रूला असतो, आणि तो चालतो, कारण स्टॅक करताना आपण एकाच दिशेने जातो. सुरुवातीच्या जागेच्या थोडं मागे जाऊन पुढे यायचं, म्हणजे प्ले निघून जातो.

दुसरी चाचणी लॉकची. फोकस साधून लॉक आवळा. चित्र बाजूला उडी मारत असेल तर ती रेल ठेवू नका. हा दोष नॉबवर कितीही सराव केला तरी जात नाही.

तिसरी चाचणी उताराची. लेन्स खाली करून कॅमेरा जमिनीकडे झुकवा, लॉक सैल ठेवा आणि थोडा वेळ तशीच राहू द्या. दातेरी रेल वजनाने हळूहळू घसरते, चांगला स्क्रू जागचा हलत नाही. सड्यावरची फुलं बोटभर उंचीची असतात, त्यामुळे इथे बहुतेक वेळा कॅमेरा खालीच बघत असतो. घरात टेबलावर आडवं काम करणाऱ्यांनी ही चाचणी सोडली तरी चालेल.

आडवी आणि उभी दोन्हीकडे सरकणारी, चार नॉबांची स्वस्त जोड-रेल सगळ्यांना मोह पाडते. बाहेरच्या कामाला मी ती सुचवत नाही. दोन सांधे म्हणजे दोन ठिकाणी प्ले, आणि वाऱ्यात दोन ठिकाणी थरथर. त्याच पैशांत एकाच दिशेची पण घट्ट रेल मिळते का ते पाहा. लांबी 120 ते 150 मिमी पुरे. निसीची एनएम-180 टेबलावर सुरेख, पण कलमाच्या फांद्यांत शिरताना प्रत्येक जादा सेंटिमीटर कुठेतरी अडतो. क्लॅम्प आर्का पद्धतीचा, 38 मिमी रुंद पट्टीचा घ्या. पुढे ट्रायपॉड बदलला तरी रेल कामाला येते.

मोटरच्या रेलबद्दल थोडक्यात. कॉग्निसिसची स्टॅकशॉट किंवा वीमॅक्रोची रेल, दोन्ही घरातली कामं. पडवीतल्या दिव्याखाली सकाळी मेलेले भुंगेरे मिळतात, त्यांच्या डोळ्यांचे 5:1 चे स्टॅक मी असेच करते. बैठक जमिनीवरच मांडा. लाकडी माळ्यावर कुणी चाललं की चित्र हलतं. दर टप्प्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा ठेवा आणि प्रकाश फ्लॅशचा घ्या. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा रेल ज्या व्होल्टवर चालते त्याच व्होल्टची बॅटरी हाताशी असू द्या. स्टॅक मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाहेरच्या कामात रेलइतकंच महत्त्व वाऱ्याला. थंडीत मोहोराच्या दिवसांत पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, दिवस चढला की खारे वारे सुरू होतात. मधे हवा पडते, तेवढ्यात स्टॅक उरकायचा. त्या वेळी तुडतुडेही गारठलेले असतात, जागचे हलत नाहीत. सड्यावर मात्र श्रावण-भाद्रपदात वारा दिवसभर असतो. दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब 2:1 ला घ्यायचे म्हणजे पाच मिमी खोलीसाठी चाळीसेक फोटो, आणि देठ झुलत असेल तर ते होत नाहीत. अशा वेळी स्टॅकचा हट्ट सोडून एकच फोटो घ्या. रेल तरीही उपयोगी पडते: रेल हळू पुढेमागे करायची आणि थेंब फोकसमध्ये आला की बटण दाबायचं. सोबत कुणी असेल तर छत्री वाऱ्याच्या बाजूला धरायला सांगा.

कातळावर ट्रायपॉड पूर्ण पसरला तरी फुलाच्या उंचीला येत नाही. मी घरून एक अर्धा चिरा आणि तांदूळ भरलेली छोटी पिशवी नेते. पिशवी चिऱ्यावर, रेल पिशवीत दाबून बसवायची. सड्यावरचे दगड उचलू नका, खाली विंचू असतात आणि बेडूकही. ट्रायपॉडला टोकदार खिळे नकोत, रबरी बूच हवेत. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण यादीत नसलेली कितीतरी शिल्पं गवताखाली आहेत. पाय रोवण्याआधी खालचा कातळ हाताने साफ करून बघा.

शेवटी खारी हवा आणि जांभ्याची धूळ, कारण इथे रेल खराब होते ती यांनीच. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम टिकतं, पण साध्या लोखंडाचे छोटे स्क्रू एका पावसाळ्यात तांबडे होतात. खरेदी करतानाच स्क्रूला चुंबक लावून पाहा. चुंबक जोरात चिकटलं आणि वर काळं-चंदेरी कोटिंगही नसेल तर ते सगळे स्क्रू स्टेनलेसचे बदलून घ्या. समुद्रावरून आलात की आधी कोरड्या ब्रशने वाळू काढा, मगच गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. वाळू ग्रीसमध्ये गेली की स्क्रू पॉलिश पेपरने घासल्यासारखा झिजतो. ग्रीस पातळ थरात, पीटीएफईवालं किंवा लिथियमचं. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालू नका. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि जानेवारीच्या पहाटे, नेमकी मोहोराच्या कामाच्या वेळी, नॉब जड होतो. पुढे जुनं झालं की चिकटही होतं.

जून ते सप्टेंबर, काम नसेल तेव्हा, रेल कॅमेऱ्याबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, लॉक सैल करून, आणि डब्यात सिलिका जेल टाका. जेलचे रंग बदलणारे दाणे मिळतात. रंग पालटला की ते मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून पूर्ण गार करा आणि मगच परत डब्यात घाला. तो तवा मात्र स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.