युरिया टाकण्याआधी भाताचं पान कसं पाहावं

सरद म्हणजे पावसाळी भाताचं पान जरा पिवळं दिसलं की हात युरियाच्या पोत्याकडे जातो. पण जुलै-ऑगस्टमध्ये गोव्यात ऊन मुळातच कमी. युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन), आणि पानातल्या नत्राचा मोठा भाग हरितद्रव्यात आणि हवेतला कर्ब धरणाऱ्या रुबिस्को या विकरात (एन्झाइममध्ये) असतो. ही यंत्रणा कितीही वाढवली तरी प्रकाशाशिवाय ती चालणार कशी? मग भात नुसतं माजतं, पानं एकमेकांवर सावली धरतात, करपा येतो आणि पीक लोळतं.

म्हणून पानांच्या रंगाचा तक्ता वापरा. ही फिकट ते गडद हिरव्या, क्रमांक दिलेल्या रंगांची प्लास्टिकची पट्टी असते. लावणीनंतर १४ दिवसांनी सुरुवात करून फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी, सकाळी ८ ते १० दरम्यान पाहणी करा. शक्यतो एकाच माणसाने. शेतात फिरून १० निरोगी चुडं (रोपांचे पुंजके) निवडा. प्रत्येकाचं सगळ्यात वरचं, पूर्ण उलगडलेलं पान न तोडता घ्या आणि त्याचा मधला भाग पट्टीला लावा. उन्हाकडे पाठ करून पानावर आपली सावली पाडायला विसरू नका, नाहीतर रंग फसवतो.

लावणीच्या सुधारित जातींत १० पैकी ६ किंवा जास्त पानं ४ क्रमांकाहून फिकी असली, तरच नत्र द्या. पावसाळ्यात हजार चौरस मीटरला साडेचार-पाच किलो युरिया पुरे.

त्याआधी पिवळेपणा कुठे आहे तेही बघा. जुनी पानं शेंड्याकडून एकसारखी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी. जांभ्या जमिनीत पाणी तुंबून खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले, तर लोह जास्त झालंय. काही दिवस पाणी काढून टाका. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात, मात्र पानांचे शेंडे पांढरे पडून वाळले, पान गुंडाळलं, की संशय मिठावर. खारेपणाने पानाची रंध्रं मिटतात, कर्बवायू आत शिरत नाही, आणि मग लख्ख ऊन असूनही अन्न बनत नाही. इथे युरिया म्हणजे पैसे पाण्यात. मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेची) दारं भरतीला गळतात का ते तपासा, ओहोटीला शेतातलं पाणी सोडा आणि पावसाचं गोडं पाणी साठवा.

वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, ऊन भरपूर, त्यामुळे तेच पान जास्त नत्र पचवतं. तिथे मात्रा दीडपट धरली तरी चालते. कणसं बाहेर पडल्यावर मात्र पोतं बांधून ठेवा. दाणा भरतो तो मुख्यतः वरच्या तीन पानांवर, तेव्हा ती कीड-रोगापासून जपा.