जनावराच्या अंगावर सूज दिसली तर आधी काय बघायचं?

गाय असो, म्हैस असो की शेळी, अंगावर सूज दिसली की गावात लगेच सल्ले चालू होतात. कोणी बिब्बा लावायला सांगतो, कोणी डाग द्यायला, कोणी मेडिकलमधून सूज उतरायचं इंजेक्शन घेऊन येतो. हे सगळं पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि आधी जनावराला नीट हात लावून बघा, कारण सूज ही आतल्या बिघाडाची खूण असते आणि तो बिघाड लिव्हरचा, हृदयाचा, पोटातल्या जंतांचा, नाहीतर कासेचा पण असू शकतो, त्यामुळे उपचार प्रत्येक ठिकाणी वेगळा.

सुरुवात अंगठ्यापासून करा. सुजलेल्या जागेवर अंगठा ठेवून साधारण दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा खड्डा राहिला आणि हळूहळू भरला तर कातडीखाली पाणी साचलंय. खड्डा पडत नाही, कडक लागतंय, तर ती गाठ, हाडाची वाढ किंवा पू झालेला फोड असण्याची शक्यता जास्त. दाबल्यावर कुरकुर आवाज आला, जास्त करून मागच्या फऱ्यावर किंवा मांडीत, सोबत ताप आहे आणि जनावर लंगडतंय, तर तो फऱ्या नावाचा रोग असू शकतो (एकटांग्या पण म्हणतात), मग पुढचं काही बघत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा.

मग हाताची मागची बाजू लावून सूज गरम आहे की थंड ते बघा. जनावर हात लावू देतं की पाय झाडतं ते पण बघा. लगेच थर्मामीटर लावा, गायीचं तापमान साधारण 101 ते 102 डिग्री फॅरनहाइट असतं. गरम, दुखरी सूज आणि वर ताप म्हणजे बहुतेक वेळा आत इन्फेक्शन. थंड, न दुखणारी, खड्डा पडणारी सूज म्हणजे पाणी झिरपतंय.

हे पाणी येतं कुठून? रक्ताच्या बारीक नळ्यांमधून थोडं पाणी कायम बाहेर झिरपतच असतं आणि परत आत ओढलं जातं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी झालं की ते परत आत ओढलं जात नाही. हृदय नीट पंप करत नसेल तर शिरांमध्ये दाब वाढून जास्त पाणी बाहेर पडतं. इन्फेक्शन, अ‍ॅलर्जी किंवा साप चावला तर नळ्याच गळक्या होतात. आणि चौथं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या लसिका वाहिन्या कुठंतरी तुंबतात. बाहेरून सूज सारखी दिसली तरी मागं या चारपैकी एखादं कारण असतं, कधीकधी दोन पण.

आता जागा बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

जबड्याखाली पिशवी लोंबल्यासारखी सूज, थंड, न दुखणारी, संध्याकाळी चरून आल्यावर जास्त आणि रात्रभर बसल्यावर सकाळी कमी, असं असेल तर आधी जंतांचा विचार करा. दिवसभर मान खाली असते म्हणून पाणी तिथं उतरतं. गाई-म्हशींमध्ये लिव्हरमधले चपटे कृमी आणि मेंढ्या-शेळ्यांमध्ये पोटातला रक्त पिणारा गोल कृमी ही मोठी कारणं. चपट्या कृमीला वाढायला गोगलगाय लागते, म्हणून इगतपुरी, त्र्यंबक भागातली भाताची खाचरं, कालव्याच्या कडा, गोदाकाठची दलदल, जिथं पाणी साचून राहतं तिथलं हिरवं गवत खाणाऱ्या जनावरांत हा त्रास जास्त. शेळीची खालची पापणी ओढून बघा, आतून लाल-गुलाबी असायला पाहिजे, पांढरीफटक असेल तर रक्त संपत आलंय. शेण तपासायला द्या आणि औषध त्यावरून ठरवा, कारण जंताचं प्रत्येक औषध प्रत्येक कृमीवर चालत नाही, शिवाय काही औषधं गाभण जनावराला चालत नाहीत आणि काहींनंतर ठरावीक दिवस दूध विकता येत नाही. एक लक्षात ठेवा, जुनाट हगवण लागून प्रोटीन वाहून गेलं तरी जबड्याखाली अशीच सूज येते.

पोळीला म्हणजे छातीच्या पुढच्या लोंबत्या भागाला पाणी आलंय आणि गाय खात नाही, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून चालताना कण्हते, तर मानेच्या बाजूची शीर बघा. ती ताठ फुगलेली दिसली तर हृदयावर ताण आहे. आपल्या नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात याचं एक कारण मला फार काळजीचं वाटतं, ते म्हणजे तार. द्राक्षाच्या मांडवाची तार, बांधायचे तुकडे, खिळे बागेत पडतात, गवत कापताना चाऱ्यात येतात, कुट्टी मशीनमध्ये त्याचे अजून बारीक तुकडे होतात आणि गाय चावत न बसता गिळून टाकते. तार जाळीपोटात (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एक) अडकते आणि तिथून हृदय अगदी जवळ आहे. हृदयापर्यंत पोचल्यावर जनावर वाचणं अवघड, त्यामुळे सगळा जोर आधीच्या काळजीवर द्या. छाटणीनंतर बागेतले तारेचे तुकडे हाताने वेचून डब्यात टाका, कुट्टी पडते तिथं एक मोठं चुंबक बसवा, आणि गाईच्या पोटात सोडायचं चुंबक मिळतं त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हा खर्च एका गाईच्या किमतीपुढं काहीच नाही.

कासेची सूज मात्र लोकांना उगाच घाबरवते. पहिलटकर कालवड व्यायच्या आधी काही दिवस कास आणि बेंबीपुढचं पोट सुजणं बऱ्यापैकी नॉर्मल आहे, व्याल्यावर हळूहळू उतरतं. शेवटच्या महिन्यात मीठ आणि खुराक भरमसाट दिला तर जास्त सुजते, तेवढं सांभाळा. रोज थोडं फिरवा, व्याल्यावर कास हलक्या हातानं खालून वर चोळा. पण एकच सड गरम, लाल, दुखरा आणि दुधात गाठी किंवा रक्त दिसलं तर ती दगडी (कासेचं इन्फेक्शन) आहे, त्या दिवशीच उपचार पाहिजे.

बैलाच्या पोटाखाली, लिंगाच्या आसपास सूज आणि बैल लघवीला जोर लावतोय पण थेंबच येतायत, तर मूतखडा अडकून मूत्रनळी फुटलेली असू शकते. इथं तासांचा हिशोब असतो.

आणि गळ्याखाली गरम, दुखरी सूज, 104 च्या पुढं ताप, घरघर आवाज, जीभ बाहेर, असं पावसाळ्याच्या तोंडाला म्हशीला झालं तर घटसर्प समजा. काही तासांत जनावर जातं. याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घ्यायचीच. लम्पी त्वचारोगात पण पाय आणि पोळी सुजते, पण अंगावर गाठी दिसतात.

कुत्र्याचे पाय सुजले तर गोचीड ताप आणि हृदय, लिव्हर तपासून घ्या. ब्रॉयलर कोंबडीच्या पोटात पाणी होतं ते वेगळंच, झपाट्यानं वाढणाऱ्या पक्ष्यांत थंडीत ऑक्सिजनची गरज वाढून हृदयावर ताण येतो, म्हणून निफाडच्या थंडीत पडदे पूर्ण बंद करून शेडमधली हवा कोंडू नका.

काय करायचं नाही ते पण सांगतो. सुई किंवा ब्लेडनं टोचून पाणी काढू नका, पाणी परत भरतं आणि वर जखम चिघळते. डाग, बिब्बा नको. धाप लागलेल्या जनावराला तोंडानं काही पाजू नका, फुप्फुसात जाईल. आणि डायक्लोफेनॅक हे सूज-दुखण्याचं औषध जनावराला देऊ नका, 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर पण आली. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांच्या किडन्या निकामी होतात, आणि अंजनेरीच्या कड्यावर आपली गिधाडं अजून आहेत. त्याऐवजी डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम या औषधाबद्दल विचारा.

फोन करताना नुसतं "सूज आलीय" म्हणू नका. सूज कुठं, कधीपासून, खड्डा पडतो का, गरम की थंड, ताप किती, शेण-लघवी-दूध कसं, गाभण किती महिन्यांची, शेवटचं जंताचं औषध आणि लस कधी, एवढं सांगा आणि सकाळ-संध्याकाळचे फोटो काढून ठेवा. जवळचे डॉक्टर मिळाले नाहीत तर 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा.