सरकलेल्या आकृत्या आणि वाय-एक्सचा घोळ

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंक (बाहेरून जोडलेली चित्राची फाइल) अपडेट केली आणि आकृती फ्रेमच्या, म्हणजे तिच्या चौकटीच्या, आत सरकून बसली, हे तुम्ही पाहिलं असेलच. पाच-दहा आकृत्या असतील तर हातानंच बसवा, स्क्रिप्टच्या, म्हणजे ही कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, नादी लागू नका. माझ्यापुढे एका यंत्राची माहितीपुस्तिका होती आणि तिच्यात तीनशेच्या वर आकृत्या, म्हणून मी स्क्रिप्ट लिहायला घेतली. त्यात जे भोगलं ते अजून विसरलेले नाही.

आधी बघा, सरकलंय काय? फ्रेम वेगळी, आतलं ग्राफिक वेगळं. कंटेंट ग्रॅबरचं, म्हणजे चित्राच्या मध्यावर दिसणारं, गोल चुकून ओढलं गेलं की फ्रेम जागेवर राहते आणि आतलं चित्र हलतं. हे स्क्रिप्टला आकड्यांवरून कळतं. दुसरा प्रकार जास्त छळतो. चित्र बाउंडिंग बॉक्सनुसार (त्यातल्या सगळ्या रेषा मावतील अशा चौकटीनुसार) क्रॉप करून आणलेलं असतं आणि इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाकडून तरी कोपऱ्यात एक बारीक रेष राहून जाते. मग चित्राची चौकटच मोठी होते. तिची डावी-वरची कड जुन्याच जागी असेल तर आकडे बरोबर येतात आणि डोळ्यांना मात्र चित्र सरकलेलं दिसतं. तिथे स्क्रिप्ट चालवूच नका. मूळ फाइल साफ करून घ्या, किंवा चित्र पानावर आणतानाच (प्लेस करताना) क्रॉप ट्रिमवर, म्हणजे फाइलमध्ये ठरवलेल्या मापावर, ठेवा.

पहिल्या प्रकारासाठीची पद्धत साधी आहे. लिंक अपडेट करण्याआधी प्रत्येक ग्राफिकची डावी-वरची कड त्याच्या फ्रेमपासून किती लांब आहे ते मोजायचं आणि ती नोंद इन्सर्टलेबल या स्क्रिप्टमधल्या आज्ञेनं फ्रेमवर ठेवायची. ग्राफिकवर नको, कारण फाइल बदलल्यावर आतली वस्तू नवी होऊ शकते. अपडेट झाल्यावर पुन्हा मोजायचं आणि जुन्यातून नवं वजा करून तेवढं सरकवायचं. अंतर फ्रेमपासूनच मोजा. पानावरची थेट जागा धरलीत तर रूलर (मोजपट्टी) एका पानाचा आहे की स्प्रेडचा, म्हणजे समोरासमोरच्या पानांचा मिळून, यावर उजव्या पानाचे आकडे बदलतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मोजमाप पॉइंट या छपाईतल्या एककावर आणा, नाहीतर एका फाइलचे मिलिमीटर दुसऱ्या फाइलचे पॉइंट समजले जातील.

आता मी जिथे अडकले ते. वस्तूची जागा सांगणारं जिओमेट्रिकबाउंड्स चार आकडे देतं: वरची कड, डावी कड, खालची, उजवी. म्हणजे आधी वाय (उभं अंतर), मग एक्स (आडवं). वस्तू सरकवणाऱ्या मूव्हला मात्र आधी एक्स लागतो, मग वाय. एकाच प्रोग्रॅममधल्या या दोन गोष्टींचा क्रम उलटा आहे. समजा, फ्रेमपासून आधीचं अंतर वरून -२ आणि डावीकडून ५ होतं, आता वरून २ आणि डावीकडून ५ आहे. फरक वरून -४, डावीकडून ०. मूव्हला द्यायचं ०, -४. मी फरक आला त्याच क्रमानं पुढे दिला: -४, ०. चित्र खाली सरकलेलंच राहिलं आणि शिवाय डावीकडेही गेलं.

हे चाचणीत का दिसलं नाही? चाचणीच्या फाइलमध्ये मी चित्रं मुद्दाम सरकवली होती, तीही दोन्ही बाजूंनी सारखीच, ३ मिमी. दोन आकडे सारखे असले की अदलाबदल कळतच नाही. सगळं जागेवर आलं, मी निश्चिंत झाले, खरी फाइल चालवून सेव्ह करून टाकली. घोळ प्रूफवर, म्हणजे तपासायच्या छापील प्रतीवर, दिसला. घाबरून स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर चित्रं आणखी लांब गेली. म्हणून चाचणीसाठी आडवं १ आणि उभं ७ असं काहीतरी वेडंवाकडं सरकवा.

कुणाचीही तयार स्क्रिप्ट न वाचता चालवू नका. अनुभवी माणूस शेजारी उभा राहून ‘चालव, काही होत नाही’ म्हणाला तरी नको. मला तसंच सांगितलं गेलं होतं, आणि नंतर निस्तरायला मी एकटीच होते. शिकवणारा तोच खरा, जो आधी फाइलची प्रत काढायला लावतो. चित्र फ्रेमच्या मापाचं करणारी फिटिंगची कमांड हाही उपाय नाही. चित्र फ्रेममध्ये छान बसलेलं दिसतं, पण त्याचा स्केल बदललेला असतो आणि शेजारच्या आकृतीशी मापं जुळत नाहीत.

पण घाबरून स्क्रिप्ट सोडू नका. हे शिकायला लागतात ते मोजके दिवस. सगळी स्क्रिप्ट डूस्क्रिप्ट या आज्ञेमधून, एंटायर स्क्रिप्ट हा अनडू मोड देऊन चालवा, म्हणजे एका अनडूत सगळं परत येतं. लॉक केलेले लेयर आधी उघडा, नाहीतर स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि अर्धी पानं दुरुस्त, अर्धी तशीच राहतात.

आणि स्क्रिप्ट किती चित्रं हलवली ते शेवटी मोजून सांगेल असं करा. ०.०१ पॉइंटपेक्षा लहान फरक सोडून द्या. मग तीच स्क्रिप्ट लगेच दुसऱ्यांदा चालवा. आकडा शून्य आला तरच मी आता फाइल सेव्ह करते.