घड्याळ बरोब्बर १८ सेकंद पुढे? टाइम स्केल असा तपासा

उपग्रह भरपूर दिसतायत, पल्स स्वच्छ येतोय, तरी उपग्रहांवरून वेळ घेऊन नेटवर्कला देणारा तुमचा टाइम सर्व्हर इतरांपेक्षा नेमका १८ सेकंद पुढे आहे. अँटेना उतरवू नका. फरक पूर्ण सेकंदांचा असेल तर दोष बहुतेक वेळा हिशेबात असतो.

१. फरक मोजा. दर सेकंदाचा पल्स ऑसिलोस्कोपवर बघून इथे काही कळत नाही. पल्स योग्य क्षणीच येतो, त्याला चिकटवलेला आकडा चुकतो. नॅनोसेकंदांचा घोळ असेल तर तो वेगळा विषय. तिथे केबलचा विलंब बघा, मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद.

२. आकड्यावरून स्केल, म्हणजे काळ मोजायची पद्धत, ओळखा. खरी मेख इथे आहे. टीएआय हा आण्विक घड्याळांचा अखंड काळ, त्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) नाही. जीपीएस काळ ६ जानेवारी १९८० ला यूटीसीशी (जगाचा अधिकृत काळ, यात लीप सेकंद घालतात) जुळवून सुरू झाला. तेव्हा यूटीसी टीएआयच्या १९ सेकंद मागे होता, म्हणून जीपीएस कायम १९ च मागे राहिला. यूटीसीत मात्र त्यानंतर १८ लीप सेकंद आले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. त्यामुळे तो आज टीएआयच्या ३७ सेकंद मागे आहे. युरोपची गॅलिलिओ आणि भारताची नाविक या उपग्रह यंत्रणा जीपीएसच्याच पंक्तीत बसतात. चीनचा बायडू २००६ पासून मोजतो, म्हणून यूटीसीच्या फक्त ४ सेकंद पुढे. रशियाचा ग्लोनास लीप सेकंद पाळतो, पण मॉस्कोचे ३ तास मिळवून.

म्हणजे १८ दिसले तर जीपीएस काळ यूटीसी समजून वाचला गेलाय, ३७ दिसले तर टीएआय. १४ दिसले तर जीपीएस आणि बायडूची सरमिसळ झाली आहे.

३. रिसीव्हरचा संदेश बघा. एनएमईए वाक्यांत (रिसीव्हरच्या मजकुरी संदेशांत) सहसा यूटीसी असतो, बायनरी संदेशांत बऱ्याचदा जीपीएसचा आठवडा आणि सेकंद. कोल्ड स्टार्टनंतर (आधीची माहिती नसताना चालू केल्यावर) घाई नको. लीप सेकंदाची माहिती जीपीएसच्या जुन्या नागरी संदेशात १२.५ मिनिटांतून एकदा येते. तोवर रिसीव्हर फर्मवेअरमधला जुना आकडा वापरू शकतो. 'यूटीसी वैध' हा फ्लॅग लागेपर्यंत थांबा.

४. पीटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ पोहोचवणारा प्रोटोकॉल) असेल तर ग्रँडमास्टर, म्हणजे त्यातले मुख्य घड्याळ, सहसा टीएआय पाठवतो आणि यूटीसीचा फरक वेगळा कळवतो. ३७ एकदाच वजा होतायत ना, ते बघा. दोन्ही टोकांना वजा केले की घड्याळ ३७ सेकंद मागे पडते.

५. तारीखच सुमारे १९ वर्षे ७ महिने मागे गेली? हे दुखणे वेगळे. जीपीएसच्या जुन्या नागरी संदेशातला आठवड्याचा आकडा १० बिटांचा असल्याने १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो: १९९९, २०१९, आणि पुढे नोव्हेंबर २०३८. फर्मवेअर बदला.

महागडा रुबिडियम ऑसिलेटर यातले काहीही दुरुस्त करत नाही. तो सेकंदाची लांबी सांभाळतो, किती वाजले ते त्याला माहीत नसते.

दुरुस्ती करताना कोडमध्ये १८ किंवा ३७ ठोकून बसवू नका, संदेशातूनच घ्या. २०३५ पर्यंत लीप सेकंदांची सध्याची पद्धत बदलायचे २०२२ मध्ये ठरले आहे, पण तोवर एखादा सेकंद वाढणार नाही याची हमी नाही.