लायबेरियाला कामासाठी निघालात? या चुका टाळा

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, भारतीय दुकानदार आणि नोकरदार बऱ्याच वर्षांपासून आहेत. तिकडे निघालेल्या माणसाची यादी चोख असते: यलो फीव्हरची लस, मलेरियाच्या गोळ्या, लोणच्याची बरणी. माणसांशी कसं वागायचं हे मात्र त्या यादीत नसतं, आणि गाडं अडतं ते बहुतेक तिथेच.

‘छोटी अमेरिका’ समजणं

झेंडा अमेरिकेसारखा, फक्त तारा एकच. राजधानीला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांचं नाव. बाजारात डॉलर चालतो. मग नवखा माणूस ठरवून टाकतो की इथलं सगळं उसनं आहे. १८२० च्या दशकात अमेरिकेतून मुक्त कृष्णवर्णीय येऊन इथे वसले आणि २६ जुलै १८४७ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, हे खरं. पण त्यांचे वंशज मूठभर. बाकी देश क्पेले, बासा, ग्रेबो, क्रू, लोर्मा, मानो, वाई अशा सोळा समाजांचा. वाई लोकांची तर १८३० च्या दशकापासून स्वतःची लिपी आहे. मोमोलू दुवालू बुकेले हे तिचे कर्ते मानले जातात.

आडनावावरून माणूस ओळखायची आपली खोड तिथे दोनदा अंगाशी येते. एक तर ओळखता येत नाही. स्थानिक मुलांना शिक्षणासाठी वसाहतवाल्यांच्या घरी ठेवायची जुनी पद्धत होती, आणि ती मुलं पुष्कळदा त्याच घराचं आडनाव लावत. त्यामुळे जॉन्सन आडनावाचा माणूस घरी बासा बोलणारा निघू शकतो. दुसरं जास्त गंभीर आहे. १९८९ ते २००३ या काळातल्या दोन यादवी युद्धांत नाक्यांवर जमात विचारून माणसं मारली गेली. तेव्हा पहिल्या भेटीत ‘तुम्ही कुठले, कुठल्या जमातीचे’ हे विचारायचंच नाही. विचारून बसलातच, तर सारवासारव न करता गाडी फुटबॉलकडे वळवा. जॉर्ज वेआ हा बॅलन डी’ओर मिळवलेला खेळाडू तिथलाच. तो पुढे राष्ट्राध्यक्षही झाला, म्हणून कौतुक खेळापुरतंच ठेवा.

थेट कामाचं बोलणं

‘फाईल झाली का?’ या प्रश्नाने दिवस सुरू केलात, तर फाईल होत नाही. आधी ‘हाऊ द बॉडी?’ विचारायचं, ‘ट्राइंग स्मॉल’ असं काहीसं उत्तर येतं, घरच्यांची चौकशी होते, मग काम. वयाने मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारू नका, ‘ओल्ड मा’, ‘ओल्ड पा’ म्हणा. डाव्या हाताने काही देऊघेऊ नका, ही आपली सवय तिथे आयती उपयोगी पडते.

हात मिळवताना गडबडू नका. हात सुटता सुटता दोघांनी एकमेकांचं मधलं बोट अंगठा आणि मधल्या बोटात पकडून चुटकी वाजवायची असते. गुलामीच्या काळात मालक बोटं मोडत, ही चुटकी त्याला दिलेलं उत्तर, असं सांगतात. वाजली नाही तर हसून पुन्हा करा. कुणी रागावत नाही, उलट शिकवतात.

पालेभाजी दिसली म्हणून ताट ओढणं

शाकाहारी मंडळी इथे हमखास फसतात. कसाव्याचा पाला किंवा रताळ्याचा पाला भातावर वाढलेला दिसतो अगदी घरच्यासारखा, पण त्याच पातेल्यात सुकी मासळी, कोंबडी, मांस आणि पाम तेल एकत्र शिजलेलं असतं. घास घेतल्यावर तोंड वाकडं करण्यापेक्षा जेवणाचं बोलावणं आलं तेव्हाच सांगा. ‘मांस खात नाही’ एवढं पुरत नाही, मासळीचं वेगळं सांगावं लागतं. आणि डंबॉय, म्हणजे उकडून कुटलेल्या कसाव्याचा गोळा, चावायचा नसतो. सुपात बुडवून गिळायचा.

भाताची थट्टा मात्र नको. भात पोटात गेला नाही तर जेवण झालंच नाही, अशी तिथली समजूत. १४ एप्रिल १९७९ ला तांदळाच्या प्रस्तावित दरवाढीविरुद्ध मोनरोव्हियात निदर्शनं झाली, गोळीबारात माणसं गेली, आणि वर्षभरात सत्ताच उलटली.

गावात गेल्यावर कोला बी पुढे केली तर नाकारू नका. चव कडू असते, छोटा तुकडा पुरे.

मुखवट्यांचे फोटो

पोरो ही पुरुषांची आणि सांदे ही स्त्रियांची पारंपरिक गुप्त संस्था. त्यांच्या विधींबद्दल बाहेरच्याने खोदून विचारू नये. सांदेचा मुखवटा बाईच घालते, जे आफ्रिकेत दुर्मिळ आहे, म्हणून कॅमेरा शिवशिवतो. तरी परवानगीशिवाय काढू नका. पोरोचा मुखवटाधारी बाहेर पडणार असल्याची सूचना आली, तर गावकऱ्यांबरोबर मुकाट दार लावून बसा.

डिसेंबरमध्ये ओळखीपाळखीचे सगळे ‘माय ख्रिसमस ऑन यू’ म्हणत येतात. दिवाळीच्या पोस्तासारखंच समजा: सुटे पैसे ठेवा, चिडू नका.

मृत्यूबद्दल आपल्या रीतीने बोलणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती आपल्याच लोकांकडून होते, कारण अग्नी देणं आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं. २०१४ च्या इबोलाच्या साथीत सरकारने मोनरोव्हियातले मृतदेह जाळण्याचा आदेश दिला. त्यासाठी वापरली गेली ती शहराबाहेर मार्शलमधली भारतीय समाजाची दाहिनी. राखा एकत्र झाल्या, कुणाची कुठली ते कळेना. दहन टाळण्यासाठी लोक आजाऱ्यांना घरात लपवू लागले. वर्षअखेरीस डिस्को हिलची दफनभूमी सुरू झाल्यावर हे थांबलं.

थडगं नसणं इतकं का लागतं, ते डेकोरेशन डेला कळतं. मार्चचा दुसरा बुधवार, सार्वजनिक सुट्टी. कुटुंबं कबरींवरचं गवत काढतात, चुना लावतात, फुलं ठेवतात. ज्यांची माणसं जाळली गेली, त्यांना जायला जागाच राहिली नव्हती. त्यामुळे सहकाऱ्याचं घरचं कुणी गेलं तर ‘आमच्यात जाळतातच’ हे समजूत घालण्यासाठीही बोलू नका. भेटायला जा, अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावा. तो मोठा असतो आणि सगळे मिळून उचलतात. त्या बुधवारी माल उतरवायचं किंवा स्टॉक मोजायचं काम ठेवलं असेल, तर आधीच्या आठवड्यात उरकून घ्या.