CAD मध्ये (संगणकावरच्या ३डी मॉडेलमध्ये) वाकवलेल्या रॉडचा स्वीप होत नाहीये? स्वीप म्हणजे एखादा आकार रेषेवरून सरकवत नेऊन सॉलिड बनवणं.

सरळ रॉड एक्स्ट्रूड करून (वर्तुळ सरळ ओढून) मग तो वाकवायच्या फंदात पडू नका. आधी रॉडची मध्यरेषा स्केच करा, तिच्या एका टोकाला काटकोनात प्लेन घ्या, त्यावर वर्तुळ काढा आणि स्वीप द्या.

तरीही एरर आला तर पहिला संशय बेंडच्या त्रिज्येवर घ्यावा. मध्यरेषेची त्रिज्या रॉडच्या त्रिज्येपेक्षा कमी असेल, तर आतल्या बाजूचा पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो आणि सॉलिड बनतच नाही. बहुतेक वेळा ड्रॉइंगवरची आतली त्रिज्या जशीच्या तशी मध्यरेषेला दिलेली असते. रॉडचा व्यास १० मिमी आणि आतली त्रिज्या ३ मिमी असेल, तर मध्यरेषेला ८ मिमी हवी. तिथे ३ टाकलेत की स्वीप फसलाच.

त्रिज्या बरोबर असेल तर स्केच चांगलं झूम करून बघा. रेषा आणि कंस जुळल्यासारखे दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. एकावर एक पडलेली दुसरी रेषाही तितकीच छळते, आणि ती तर झूम करूनही दिसत नाही. एक रेषा ओढून बाजूला करून पाहा. टॅन्जंट कन्स्ट्रेंट (रेषा कंसाला स्पर्शिका ठेवणारी अट) राहून गेला असेल, तर जोडावर नको तो कोपरा उमटतो.

रॉड किती लांब कापायचा, याचा अंदाज मध्यरेषेच्या एकूण लांबीवरून येतो.