स्वस्तातले सायकल पार्ट घ्यायला जाताना खिशात काय ठेवायचं

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या आठ-नऊ वर्षांत सेलमधून, 'कोणतीही वस्तू नव्याण्णव'वाल्या दुकानांतून आणि जुन्या बाजारातून स्वस्त म्हणून उचललेला, पण सायकलला कधीच न लागलेला माल त्यात पडून आहे. एक ट्यूब, जिचा व्हॉल्व्ह माझ्या रिमच्या भोकात डुगडुगतो. कॅरिअरचे नट, जे घरातल्या कुठल्याच बोल्टवर फिरत नाहीत. एका पाकिटातून निघालेली पायडलची जोडी, दोन्ही उजवी. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत लेकीने डब्यातल्या मालाची बेरीज केली, ती दोन हजार सातशेवर गेली. "एवढ्यात दोन नवे टायर आले असते, आई," म्हणाली. ते खरं होतं, म्हणून मी चहा टाकायला उठले.

मी पुण्यात बावधनला राहते आणि कर्वे रोडच्या बाजूला एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. सायकल साधीच: २६ इंची, पुढे तीन आणि मागे सात गिअर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे). रोज चांदणी चौकातून पौड रोडला उतरायचं आणि संध्याकाळी तोच चढ चढून परत यायचं. एवढ्या वापरात वर्षाला काही ना काही बदलावं लागतंच. मग सेलचा बोर्ड दिसला की पाय वळतो. वळू दे. आता निदान नुसत्या डोळ्यांवर विसंबून खरेदी करत नाही.

पार्टची वाटणी मी एका प्रश्नावर करते: हा रस्त्यात तुटला तर मी सायकल ढकलत घरी येईन, की मला लोक उचलून आणतील? मडगार्ड, बेल, स्टँड, बाटलीचा स्टँड, ग्रीप, चेनकव्हर हे पहिल्या गटातले, ते कुठूनही घ्या. ब्रेकचे रबर, ब्रेक वायर, हँडलचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा), पायडल, हेल्मेट दुसऱ्या गटातले. टायर आणि चेन मधल्या गटात येतात. तिथे मी स्वस्त माल घेते, पण मोजून.

ही वाटणी आधी केली नव्हती तेव्हाची गोष्ट. शहराबाहेरच्या एका मोठ्या सेलमधून साठ रुपयांत ब्रेक शूचे, म्हणजे ब्रेकच्या रबरांचे, दोन जोड आणले होते. दिसायला छान, लाल-काळे. कोरड्या रस्त्यावर आठवडाभर चालले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पौड रोडच्या उतारावर दोन्ही लिव्हर मुठीत आवळल्या आणि सायकल तशीच चालली. पुढे रिक्षा. डावीकडे मातीचा ढीग होता, त्यात सायकल घातली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. संध्याकाळी काकांच्या दुकानात गेले. आमचे काका कोथरूडला टपरीवजा जागेत सायकली दुरुस्त करतात. त्यांनी शू काढून त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. रुतेना. "मॅडम, हे रबर नाही, चपलेचं प्लास्टिक आहे," म्हणाले. मग शेजारचा दुसरा शू दिला, त्यात नख किंचित दबलं. ही तपासणी दुकानात उभ्या-उभ्या होते आणि फुकट होते. शूच्या बोल्टवर वाटीसारखे, एकमेकांत बसणारे वॉशर असतात, तेही पाकिटात पूर्ण आहेत का बघा. ते नसतील तर शू रिमला नीट समांतर लावता येत नाही, मग किंचाळतो किंवा टायर घासतो.

आता खिशातलं सामान. एक लोहचुंबक, एक स्टीलची फूटपट्टी, शक्य असेल तर जाडी मोजायचं व्हर्निअर (प्लास्टिकचंही चालतं), आणि पिशवीत जुना पार्ट. चौथी वस्तू सगळ्यांत महत्त्वाची. जुनं पायडल, जुनी वायर, तुटका नट, जे बदलायचं ते काढून बरोबर न्या. मापं तोंडी सांगायला गेलात की दुकानदार म्हणतो "येतं, सगळ्यांना येतं", आणि आपण मान डोलावतो.

चुंबकाचा उपयोग सोपा. 'अॅलॉय' (अॅल्युमिनियमचा) म्हणून विकलेल्या रिमला, सीटच्या दांड्याला किंवा क्रँकला (पायडल लागतं त्या दांड्याला) लावा. खटकन चिकटला तर आत लोखंड आहे, वरचा चकचकीत थर क्रोमचा. लोखंडी रिम वाईट नसते, माझ्या वडिलांची आयुष्यभर तीच होती. पण ओल्या क्रोमवर रबराची पकड फार कमी होते, आणि पुण्यात चार महिने पाऊस. विकणारा अॅलॉयचा भाव मागतोय आणि देतोय लोखंड, एवढं कळलं तरी चुंबकाचे पैसे वसूल.

टायरमध्ये मात्र लोक सर्वांत जास्त फसतात, कारण इंचाचा आकडा फसवा आहे. '२६ इंची टायर द्या' म्हटलं तर दोन वेगळे टायर मिळू शकतात. २६ × १.९५ हा जाड टायर, गिअरवाल्या सायकलचा. २६ × १ ३/८ हा बारीक, जुन्या लेडीज सायकलींना लागणारा. दोन्हींवर २६ लिहिलेलं असतं आणि दोन्ही एकाच रिमवर बसत नाहीत. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक जोडी छापलेली असते: ५०-५५९ किंवा ३७-५९०. यातला दुसरा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ५५९ आणि ५९० यांत ३१ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास सव्वा इंचाचा फरक. घरातल्या जुन्या टायरवरचा हा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात फक्त तोच जुळवा. जुन्या काळ्या दूधवाल्या सायकलीचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. रेसिंगवाल्यांची ७०० आणि हल्लीची २९ इंची, दोन्हींचा ६२२. साडेसत्तावीसचा ५८४. पहिला आकडा रुंदीचा, त्यात थोडं इकडे-तिकडे चालतं. दुसऱ्यात अजिबात नाही.

सेलमधला टायर बहुधा बराच काळ पडून राहिलेला असतो, म्हणून तो स्वस्त. तो हातात घेऊन बाजूची भिंत उलटी दुमडा, चपातीची घडी घालतो तशी, आणि उजेडात धरा. दुमडीवर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या तर रबर उन्हाने वाळलंय. नक्षी कितीही खोल दिसो, परत ठेवा. भेगा नसतील, कडेची तार कुठे वाकलेली नसेल आणि दोरे बाहेर आलेले नसतील तर खुशाल घ्या. माझा सध्याचा मागचा टायर असाच अर्ध्या किमतीत आलाय आणि दुसरा पावसाळा काढतोय.

ट्यूबमध्ये व्हॉल्व्ह बघायचा. मोटरसायकलसारखा जाड, रेसिंगचा बारीक लांबट, आणि आपला जुना देशी, ज्यात छोटी रबरी नळी चढवावी लागते. बारीक व्हॉल्व्हला रिमचं भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं लागतं, जाडाला साडेआठचं. जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जातच नाही. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात जातो, पण हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब फाडतो. डब्यातली ती ट्यूब आठवली ना? तीच.

चेनकडे येऊ. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर ठरलेलं असतं, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सगळ्या नेहमीच्या सायकलींना तेच. बदलते ती रुंदी. डब्यावर १/२ × १/८ लिहिलं असेल तर ती बिनगिअरच्या सायकलची, १/२ × ३/३२ असेल तर गिअरवाली. मागे सहा, सात किंवा आठ दातेरी चकत्या असतील तर '६-७-८ स्पीड' लिहिलेली घ्यायची. सेलमध्ये नऊ-दहा स्पीडची महाग चेन कमी भावात दिसली म्हणून हुरळू नका, ती अरुंद असते आणि आपल्या कामाची नाही.

पण मुळात चेन बदलायची वेळ आली का, हे आधी बघा, कारण अर्ध्या वेळा लोक उगाच बदलतात आणि अर्ध्या वेळा फार उशिरा. सायकल भिंतीला टेकवा, चेन खालून ताणून धरा, फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवा. ती पिन न मोजता पुढची चोविसावी पिन, तिचा मध्य बारा इंचांवर यायला हवा. नव्या चेनला येतोच. ती पिन बाराच्या पुढे १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास सरकलेली दिसली की चेन बदला. १/८ इंच सरकली असेल तर एकटी चेन आणून उपयोग नाही, फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चकत्यांचे) दातही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवर टिकत नाही, चढावर जोर दिला की कटकन घसरते. मी एकदा साडेतीनशेची चेन आणून लावली आणि चांदणी चौकाच्या चढावर पाय रिकामा फिरला, तेव्हा कळलं की खर्च साडेतीनशेचा नव्हताच. नवी चेन लावण्याआधी जुनीच्या शेजारी खिळ्याला टांगा आणि कड्या मोजून तेवढीच ठेवा. झिजलेली जुनी थोडी लांब दिसणार, त्यामुळे लांबीवर जाऊ नका.

वायरींचं एक बारीकसं पण गंभीर प्रकरण आहे. ब्रेकची आतली तार जाड, दीड-एक मिलिमीटरची. गिअरची बारीक, १.२ची. ही अदलाबदल सहसा होत नाही, डोळ्यांना दिसते. गडबड होते ती बाहेरच्या नळीत. कापलेलं टोक जवळ धरून बघा. आत स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली पट्टी दिसली तर ती ब्रेकची. काठाभोवती सुट्या, सरळ तारा उभ्या दिसल्या तर ती गिअरची. गिअरची नळी ब्रेकला लावायची नाही. जोरात ब्रेक दाबला की त्या सरळ तारा फाकून प्लास्टिक फोडून बाहेर येऊ शकतात, नेमक्या जेव्हा ब्रेक हवा असतो तेव्हा. जुन्या बाजारात मीटरवर मिळणारी नळी बघताना टोक कापून दाखवा म्हणायचं. विक्रेता कुरकुरला तर पुढच्या पथारीवर जायचं. जुना बाजार भरतो त्या बुधवारी आणि रविवारी पथाऱ्यांना कमी नसते.

पायडल: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाकिटावर काहीही छापलेलं असो, आसाच्या टोकावर L आणि R अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली पाहिजेत. नसतील तर पायडल उभं धरा: आटे उजवीकडे चढत जाणारे असतील तर ते उजवं, डावीकडे चढत असतील तर डावं. मोठ्या सायकलींना बहुतेक ९/१६ इंची आस लागतो, लहान मुलांच्या काही सायकलींना अर्ध्या इंचाचा. म्हणून जुनं पायडल बरोबर.

हेल्मेटच्या आत EN 1078 हा युरोपीय मानकाचा शिक्का असतो. तो असेल आणि हेल्मेट डोक्यावर हलत नसेल तरच सेलमधलं घ्या. वापरलेलं, कुणी दिलेलं, जुन्या बाजारातलं हेल्मेट घेऊ नका. आतला थर्माकोलसारखा थर एका धक्क्यात दबतो आणि बाहेरून काही कळत नाही.

बाकी बारीकसारीक. लाइट दुकानातच तळहाताने झाकून बघा, उजेड बोटांतून लाल दिसला पाहिजे. बाटलीच्या स्टँडच्या दोन भोकांतलं अंतर ६४ मिलिमीटर असतं, ते सहसा जुळतं. पंक्चरच्या किटमध्ये सोल्युशनची ट्यूब दाबून बघा, जुन्या मालात ती दगड झालेली असते. टायर काढायचे प्लास्टिकचे चमचे स्वस्तातले चालतात. अॅलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टची चावी) मात्र नाही. मऊ लोखंडाची की पहिल्याच घट्ट बोल्टात गोल होते आणि बोल्टचं डोकंही घेऊन जाते. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या तीनच चांगल्या घ्या, बोहरी आळीत, पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, सुट्या मिळतात. हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) छर्रे नेहमी नवे आणि एका बाजूचे सगळे एकदम बदला. नगावर मिळतात आणि अगदी थोडक्यात. मागच्या हबला पाव इंची, पुढच्याला ३/१६.

आणि सेलमधून आणलेली वस्तू त्याच दिवशी लावून बघा. बदलून द्यायची मुदत दुकानात सात-पंधरा दिवसांची असते आणि ती पाकीट फोडल्यापासून नाही, बिलापासून मोजतात. बिल थर्मल कागदावर छापलेलं असतं, पर्समध्ये हळूहळू पुसट होतं, म्हणून काउंटरवरच त्याचा फोटो काढा. ती दोन्ही उजवी पायडलं मी पाकीट फोडून पाहिली तेव्हा घेऊन चार महिने झाले होते.